पुढची पदवी घेतली तर कमाई किती वाढते? मुंबईतल्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

तृतीय वर्षाचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते: आता नोकरी धरायची की पुढे शिकायचं? मावशी म्हणते एम.ए. कर, काका म्हणतात एमबीएशिवाय गत नाही, आणि शेजारचा दादा नुसत्या बी.ई.वर चांगला कमावत असतो. फी आईवडील भरतात, वर्षं मुलांची जातात. म्हणून सतत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

जास्त शिकलं की जास्त पगार, हे खरं ना?

सरासरीत खरं. शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे कमाई साधारण ९ टक्क्यांनी वाढते, असं जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून मांडलं. पण या सरासरीत शाळेतली वर्षंही आली आणि सगळे विषयही आले. तुमच्या मुलीच्या एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राला ती जशीच्या तशी लावता येत नाही.

त्याऐवजी एकच गोष्ट विचारा: ही पदवी नसेल तर कोणतं काम मला नियमानं करताच येणार नाही? या प्रश्नाला नेमकं उत्तर असेल, म्हणजे भूलशास्त्रातल्या पदव्युत्तर शिक्षणाशिवाय भूलतज्ज्ञ होता येत नाही किंवा एम.टेक.शिवाय इंजिनीअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक होता येत नाही, तर त्या पदवीला बाजारात ठरलेली किंमत आहे. उत्तर ‘तसं काही नाही, पण बरं दिसतं’ असं असेल, तर कमाई वाढेलही आणि वाढणारही नाही. ते संस्थेवर, तुमच्या अनुभवावर आणि त्या वर्षीच्या नोकरभरतीवर अवलंबून. खालची बहुतेक उत्तरं याच एका कसोटीतून निघाली आहेत.

व्हॉट्सॲपवर एक तक्ता फिरतो, त्यात पीएचडीवाल्यांची कमाई पदवीधरांपेक्षा कितीतरी जास्त दिसते. तो खोटा आहे का?

खोटा नाही, अमेरिकेचा आहे. तिथल्या कामगार सांख्यिकी विभागाच्या २०२३ च्या आकड्यांप्रमाणे पूर्णवेळ काम करणाऱ्या पदवीधराची मध्यम कमाई आठवड्याला १,४९३ डॉलर, मास्टर्सवाल्याची १,७३७, पीएचडीची २,१०९ आणि डॉक्टर-वकिलांसारख्या व्यावसायिक पदव्यांची २,२०६ डॉलर होती. व्यावसायिक पदवी पीएचडीच्याही वर आहे, इकडे लक्ष द्या. हे आपल्याकडेही लागू पडतं.

लागू पडत नाही ती दुसरी बाजू. तिकडे शिक्षण वाढतं तशी बेकारी कमी होते. आपल्याकडे उलट आहे. सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणांत वर्षानुवर्षं पदवीधरांमधला बेकारीचा दर अल्पशिक्षितांपेक्षा जास्त दिसतो. कारण समजण्यासारखं आहे. कमी शिकलेल्याला मिळेल ते काम त्याच दिवशी धरावं लागतं, शिकलेला मुलगा शिक्षणाला साजेशी नोकरी मिळेपर्यंत वाट बघतो. घराला ती वाट परवडते तोवर ठीक. तेव्हा परदेशी तक्ता बघून कर्ज काढू नका.

डॉक्टरला एम.डी. केल्याशिवाय पर्याय नाही का?

उत्पन्नाच्या दृष्टीनं पुढच्या पदवीचा सर्वांत ठळक फरक वैद्यकातच पडतो, यात शंका नाही. नुसत्या एम.बी.बी.एस.वर खासगी रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून रात्रपाळ्या कराव्या लागतात, किंवा स्वतःचा दवाखाना टाकावा लागतो. लालबाग-परळच्या गल्लीत तीस वर्षं बसलेल्या फॅमिली डॉक्टरांचं चांगलं चालतं, पण आज नव्यानं तिथे गाळा घ्यायचा तर त्याचं भाडंच नव्या डॉक्टरला झोपू देत नाही.

पण वर्षं मोजा. एम.बी.बी.एस. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एम.डी. किंवा एम.एस. तीन वर्षं, त्यापुढे डी.एम. किंवा एम.सीएच. आणखी तीन. साडेअकरा वर्षं झाली, तीही एकही प्रवेश परीक्षा चुकली नाही तर. सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजातून शिकलात तर बाँडची (सक्तीची सरकारी) सेवा वेगळी. बारावीतून बाहेर पडलेला मुलगा हृदयरोगतज्ज्ञ म्हणून उभा राहतो तेव्हा तिशी उलटलेली असते, आणि त्याच्या बरोबरीच्या इंजिनीअरनं तोवर सात-आठ वर्षांचा पगार घेतलेला असतो. निवासी डॉक्टरांना विद्यावेतन मिळतं हा मोठा आधार आहे. केईएम, सायन, नायर, जे.जे. इथे शिकणारे बहुतेक जण त्यावरच घराला हातभार लावतात.

एक गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही: सगळ्या एम.डी. सारख्या नसतात. नीट-पीजीच्या वरच्या क्रमांकांवर रेडिओलॉजी, त्वचारोग, मेडिसिन या जागा आधी संपतात. शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र अशा विषयांच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात, कारण त्यात बाहेर प्रॅक्टिस नाही, शिकवण्याची नोकरी आहे. ती नोकरी वाईट नाही. वेळ ठरलेली, पगार ठरलेला. पण ‘एम.डी. झाला म्हणजे पैसाच पैसा’ हे त्या डॉक्टरला लागू होत नाही.

प्राध्यापक व्हायचंय. पीएचडीनं पगार किती वाढतो?

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त फसगत याच वाटेवर होते.

कागदावर चित्र फार चांगलं आहे. अनुदानित कॉलेजात किंवा विद्यापीठात कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये. महागाई भत्ता आणि मुंबईचा घरभाडे भत्ता त्यावर. पात्रता म्हणजे पदव्युत्तर पदवी आणि नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा. महाराष्ट्रातली सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. मध्यंतरी विद्यापीठांत थेट पीएचडीच सक्तीची होणार होती, पण २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं नेट किंवा सेट हीच किमान पात्रता ठेवली. म्हणजे आत शिरायला पीएचडी लागतेच असं नाही.

पीएचडीचा फरक पुढे पडतो. २०१८ च्या नियमांप्रमाणे पहिली बढती पीएचडी असलेल्याला चार वर्षांनी मिळू शकते, नसलेल्याला सहा वर्षांनी. आणि सहयोगी प्राध्यापक, म्हणजे १,३१,४०० रुपये मूळ वेतनाची पायरी, पीएचडीशिवाय चढताच येत नाही. नोकरी कायम असेल तर पीएचडीची किंमत इतकी स्वच्छ लिहिलेली आहे.

पण कायम जागा आहेत कुठे? वर्षानुवर्षं भरती रखडलेली असते आणि शिकवण्याचं काम तासिका तत्त्वावर, म्हणजे सगळे ज्याला सीएचबी म्हणतात, त्यावर चालतं. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस, मे महिना कोरडा. अशा एखाद्या मॅडमचा दिवस बघा. सकाळी सातची डोंबिवली लोकल, दादरच्या कॉलेजात दोन तास, दुपारी डबा स्टाफरूमच्या कोपऱ्यात, मग ठाण्याला खासगी क्लास, आणि रात्री घरी आल्यावर प्रबंधाचं तिसरं प्रकरण. महिनाअखेरीला तासांचा तक्ता भरायचा, विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही, मग बिल सहसंचालक कार्यालयाकडे. पैसे कधी येतील ते कोणी सांगत नाही, पण वर्गात मुलं त्यांना ‘प्रोफेसर’च म्हणतात. अशा लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि त्यांच्या बाबतीत जे चाललंय ते अन्यायाचं आहे, असंच माझं मत आहे.

म्हणून पीएचडीला नाव नोंदवण्याआधी तुमच्या विषयात मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत गेल्या काही वर्षांत कायम जागांच्या किती जाहिराती आल्या, त्या कोणत्या प्रवर्गासाठी होत्या, हे शोधा. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र यांचं उत्तर एक येईल, संगणकशास्त्र आणि वाणिज्य यांचं दुसरं.

पीएचडी करताना घर कसं चालवायचं?

नेटमध्ये जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर प्रश्न बराच सुटतो. १ जानेवारी २०२३ पासून ही शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये झाली, घरभाडं वेगळं. मुंबईत एकट्याचं यात भागतं, संसाराचं ओढाताणीनं. जेआरएफ नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या संशोधन शिष्यवृत्त्या पाहा, अटी आणि मुदती मात्र नीट वाचा. टीआयएफआर, आयआयटी, टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी संस्थेकडूनच विद्यावेतन असतं.

विद्यावेतन नाही, नोकरी नाही आणि गाईडना तुमच्या विषयात फारसा रस नाही, अशी पीएचडी सुरू करू नका. पीएचडीची मुदत किमान तीन आणि साधारण सहा वर्षं असते. लांबलेल्या प्रबंधानं माणूस कसा खचतो ते ज्यांच्या घरी घडलंय त्यांना विचारा.

नोकरी करत अर्धवेळ पीएचडी होते, पण नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत पत्र लागतं. दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन पीएचडी विद्यापीठ अनुदान आयोगाला मान्य नाही. तशी जाहिरात दिसली तर दुर्लक्ष करा. एम.फिल. तर २०२२ च्या नियमांनी बंदच केली आहे. अजूनही कोणी प्रवेश देत असेल तर पैसे बुडाले समजा.

शाळेत शिकवणाऱ्यांना पुढच्या पदवीचा फायदा होतो का?

होतो, आणि तो पायरी-पायरीनं दिसतो. राज्यातल्या अनुदानित शाळांत नवा शिक्षक आधी तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. २०२३ मध्ये मानधन वाढलं तेव्हा प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० रुपये झालं. अकरावी-बारावीला शिकवायचं तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. दोन्ही हवं. सुरुवातीचा फरक महिन्याला दोनच हजारांचा, पण कायम झाल्यावर वेतनश्रेणी वेगळी होते आणि ती निवृत्तीपर्यंत सोबत राहते. विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांत मात्र व्यवस्थापन ठरवेल तो पगार. तिथे एम.ए.-बी.एड. असलेल्या बाईंना आणि नुसत्या बी.ए.-बी.एड. बाईंना एकच आकडा मिळालेला सर्रास दिसतो.

एमबीए केलं की पगार दुप्पट होतो म्हणतात.

कुठून केलं त्यावर. मुंबईत जमनालाल बजाज, एसपी जैन, पवईची आयआयएम मुंबई (२०२३ पर्यंतची नीटी), आयआयटीचं शैलेश मेहता स्कूल, सिडनहॅमची सिमस्री अशा मोजक्या ठिकाणी कंपन्या स्वतः येतात. तिथे प्रवेश मिळणं हीच अर्धी पात्रता. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये हाच विचार मांडला: मालकाला उमेदवाराची कुवत आतून दिसत नाही, म्हणून कठीण पदवी ही कुवतीची खूण ठरते. याच कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. आता उलट बाजूनं विचार करा. ज्या संस्थेत अर्ज केलेल्या सगळ्यांना प्रवेश मिळतो, तिची पदवी कसली खूण देणार?

प्लेसमेंटच्या माहितीपत्रकावर ‘सर्वाधिक पॅकेज’ मोठ्या अक्षरात असतं. ते एका मुलाचं असतं. ‘सरासरी’सुद्धा दोन-तीन मोठ्या आकड्यांनी फुगते. तुम्ही मध्यक विचारा: सगळे पगार ओळीनं लावले तर बरोबर मधल्या मुलाला किती? आणि किती जणांनी प्लेसमेंटमध्ये भागच घेतला नाही? मग सीटीसी आणि हातात येणारा पगार यांतला फरक विचारा. सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा, आणि ‘कामगिरीनुसार’ मिळणारी रक्कम धरलेली असते.

नुकतंच शिक्षण संपलं असेल तर दोन-तीन वर्षं नोकरी करून एमबीए करा, हा सल्ला मी बिनधास्त देतो.

हिशेब नेमका कसा मांडायचा?

एक उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यासाठी. अंधेरीच्या एका कंपनीत मुलीला हातात ३५,००० येतात. दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमबीएची फी १२ लाख. नोकरी सोडल्यामुळे बुडालेला पगार ३५,००० गुणिले २४, म्हणजे ८ लाख ४० हजार. खर्च झाला २० लाख ४० हजार, व्याज धरलेलं नाही.

नंतर ७०,००० मिळाले असं धरू. आता सगळे फरक ३५,००० चा काढतात आणि तिथेच गफलत होते. ती नोकरीतच राहिली असती तर दोन वर्षांत तिचा पगार वाढून ४२,००० झाला असता. खरा फरक २८,००० चा. वर्षाला ३ लाख ३६ हजार. म्हणजे घातलेले पैसे वसूल व्हायला सहा वर्षं, तेही हवी ती नोकरी लगेच मिळाली तर. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला सहा वर्षं मोठी नाहीत, पुढे तीस वर्षांची नोकरी आहे. तेच वय अडतीस असेल तर गणित बदलतं. आणि फी १२ लाखांऐवजी शासकीय संस्थेतली असेल तर पुन्हा बदलतं. हा कागद प्रत्येकानं स्वतःच्या आकड्यांनी भरावा.

शैक्षणिक कर्जाचा हप्ता किती बसेल?

१० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षांची फेड धरली तर महिन्याला सुमारे १६,६०० रुपये. शिकत असताना आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. जमेल तसं ते भरत राहिलात तर पुढचं ओझं बरंच हलकं होतं. व्याजावर आयकरात आठ वर्षं सूट मिळते, फक्त जुनी करप्रणाली निवडली असेल तर. नव्या प्रणालीत ती नाही. राहतं घर किंवा गावची जमीन तारण ठेवायला सांगत असतील तर आधी घरातल्या सगळ्यांनी बसून बोला.

इंजिनीअरिंगनंतर एम.टेक. करावं का?

सॉफ्टवेअरमध्ये जायचं असेल तर बहुतेकांना गरज नाही. तिथे दोन वर्षांचा अनुभव आणि मुलाखतीत सोडवलेली कोडी यांना जास्त भाव आहे. चिप डिझाइन, मशीन लर्निंगमधलं संशोधन, नियंत्रण प्रणाली इथे मात्र चांगल्या संस्थेतलं एम.टेक. कामाची प्रतच बदलतं. स्थापत्यमध्ये तर मुंबईपुरतं खास कारण आहे. गिरगावापासून मुलुंडपर्यंत पुनर्विकास चालू आहे आणि स्ट्रक्चरल सल्लागारांना माणसं हवी आहेत. व्हीजेटीआयमधून स्ट्रक्चर्स केलेला मुलगा बहुधा थेट डिझाइनच्या टेबलावर बसतो, साधा बी.ई. आधी साइटवर.

गेट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश घेतला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. तीच गेट देऊन बी.ई.वरच सार्वजनिक कंपन्यांत नोकरी लागू शकते, हे लक्षात ठेवा. दोन्ही दारं एकाच किल्लीनं उघडत असतील तर आधी नोकरीचं ठोठावा.

अमेरिकेत एम.एस. करायचं असेल तर पदवीबरोबर तिथे काम करायची मुभा विकत घेतली जाते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला शिक्षणानंतर तीन वर्षांपर्यंत काम करता येतं, आणि एच-वन-बी या कामाच्या व्हिसात तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी २०,००० जागा राखीव आहेत. पण तो व्हिसा सोडतीवर आहे. सोडत लागली नाही तर डॉलरमधलं कर्ज रुपयातल्या पगारातून फेडावं लागेल, ही शक्यता धरूनच निर्णय घ्या.

एलएलएम केलं तर वकिलीत फी जास्त मिळते का?

नाही. हायकोर्टासमोरच्या फोर्टातल्या चेंबर्समध्ये एलएलएम आहे का असं कोणी विचारत नाही, कोणाच्या हाताखाली काम केलंत ते विचारतात. सुरुवातीची वर्षं फार तंगीची असतात. भारतीय वकील परिषदेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरांतल्या कनिष्ठ वकिलांना महिना किमान २०,००० द्यावेत अशी शिफारस केली, यावरूनच परिस्थिती समजावी. शिफारस आहे, सक्ती नाही.

न्यायाधीशपदाच्या परीक्षेलाही एलएलएम लागत नाही. उलट सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, तेव्हा कोर्टात घालवलेली वर्षं जास्त मोलाची. लॉ कॉलेजात शिकवायचं असेल तर एलएलएम हवंच. मुंबईत आणखी एक वाट आहे जी बाहेरच्यांना माहीत नसते: बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा. जुन्या फर्म्समध्ये तिला आजही वजन आहे.

सीए करतोय. सोबत एम.कॉम. करू का?

पगारासाठी नको. सीएच्या पगारात एम.कॉम.मुळे भर पडत नाही. पूर्वी लोक प्राध्यापकीचा मार्ग मोकळा राहावा म्हणून करायचे. २०२१ पासून सीए, सीएस आणि कॉस्ट अकाउंटंट ही पात्रता नेटसाठी पदव्युत्तर पदवीसमान धरली जाते. सीए अर्धवट सुटलं आणि हातात काही नाही असं होऊ नये म्हणून एम.कॉम. करत असाल तर समजू शकतो. ती फी कमी असते आणि मनाला धीर असतो.

विमा कंपन्यांतल्या ॲक्च्युअरींचंही (जोखमीचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञांचं) सांगून ठेवतो गणित आवडणाऱ्यांच्या पालकांना: तिथे पदवी दुय्यम, परीक्षेचा एकेक पेपर सुटत जातो तसा पगार वाढत जातो.

बँकेत किंवा सरकारी नोकरीत आहे. एम.ए., एमबीए केलं तर पगारवाढ मिळेल?

सार्वजनिक बँकेत असाल तर आधी जेएआयआयबी आणि सीएआयआयबी द्या. कुर्ल्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स त्या परीक्षा घेते. उत्तीर्ण झालात की ठरलेली पगारवाढ मिळते. खर्च किरकोळ, फायदा निश्चित. दोन लाखांच्या ऑनलाइन एमबीएपेक्षा हे कितीतरी बरं.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना नोकरीत असताना कामाशी संबंधित उच्च पदवी घेतल्यास एकरकमी प्रोत्साहन मिळतं. २०१९ च्या आदेशानुसार ते १०,००० ते ३०,००० रुपये, पीएचडीला सर्वांत जास्त. एकदाच. दरमहा नव्हे. स्पर्धा परीक्षांचं तर साधं आहे: एमपीएससीच्या राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते, आणि एम.ए. केलेल्या उपजिल्हाधिकाऱ्याला त्याबद्दल जादा पगार नसतो.

कला शाखेत एम.ए. करून काहीच मिळत नाही, असं सगळे म्हणतात.

हे ऐकून मला वाईट वाटतं, कारण ते पूर्ण खरं नाही. दार कुठे आहे ते शोधावं लागतं, एवढंच. हिंदी एम.ए.चं उदाहरण घ्या. सार्वजनिक बँकांत राजभाषा अधिकारी हे पद असतं आणि त्याला हिंदीतली पदव्युत्तर पदवी लागते, पदवीला इंग्रजी विषय असावा ही अट. मुंबईत इतक्या बँकांची मुख्यालयं असून आपल्या मुलांना हे पद माहीत नसतं. अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक आणि धोरण संशोधन विभागाची वेगळी भरती असते, जिथे नुसत्या पदवीधराला अर्जच करता येत नाही. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून समाजकार्य केलेल्यांना कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) विभागांत आणि मोठ्या संस्थांत काम मिळतं. पगार कॉर्पोरेटच्या तोडीचा नसतो, हे मात्र माहीत असू द्या.

मराठी एम.ए.ला सेटची जोड दिली नाही तर उत्पन्नाच्या अंगानं फारसं हाती लागत नाही. भाषेच्या प्रेमापोटी करत असाल तर अवश्य करा, पण उपशीर्षकं, भाषांतर, ध्वनिमुद्रणाच्या संहिता अशी कामं शिकत असतानाच धरा.

एम.एस्सी. केलेल्यांचं काय?

रसायनशास्त्रात औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांमध्ये बी.एस्सी.वाला गुणवत्ता तपासणीत आणि एम.एस्सी.वाला संशोधनात, अशी साधारण विभागणी असते. वर चढायला पीएचडी लागते. माटुंग्याच्या आयसीटीमधल्या पीएचडीला उद्योगात जी किंमत आहे ती फार थोड्या विद्यापीठांना मिळते. भौतिकशास्त्रवाल्यांनी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची परीक्षा चुकवू नये. बाकी शुद्ध विज्ञानात एम.एस्सी. हा अर्धा जिना आहे, तिथे थांबायचं असेल तर सोबत बी.एड. किंवा डेटाचं काम शिकून घ्या.

चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर मास्टर्स लागेल का?

चार वर्षांनंतर मास्टर्स एका वर्षाचं होतं. ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो. पण ज्या नोकरीच्या जाहिरातीत ‘पदव्युत्तर पदवी’ लिहिलंय तिथे ऑनर्स चालेल असं गृहीत धरू नका.

मुलीचं लग्न ठरवायचंय. पुढचं शिक्षण नंतर बघू का?

नंतर ते बहुतेक वेळा होत नाही. हे सगळ्या पालकांना ठाऊक असतं, फक्त बोललं जात नाही. संसार, मूल, सासरचा पत्ता विरारचा आणि कॉलेज चर्चगेटला. यात एम.एस्सी.चं दुसरं वर्ष राहतं ते राहतंच. शक्य असेल तर पदवी पूर्ण होऊ द्या.

शिवाय कोणतं शिक्षण, याचाही विचार करा. नोंदणी किंवा परवाना देणाऱ्या पात्रता, म्हणजे बी.एड., नर्सिंग, फिजिओथेरपी, सीए, पाच-सात वर्षं घरी राहावं लागलं तरी कामाच्या राहतात. खंड पडल्यावर मुलाखत घेणारा ‘मधली वर्षं काय केलं’ विचारतो, तेव्हा परवाना हे उत्तर पुरतं. साध्या एमबीएला खंडाचा फार फटका बसतो. हे बदललं पाहिजे, पण आज आहे हे असं आहे.

नोकरी सांभाळून शिकता येईल का?

येईल. मुंबई विद्यापीठाचं कलिन्याचं दूरशिक्षण केंद्र (पूर्वीचं आयडॉल), यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू या पदव्या नोकरीसाठी वैध आहेत. एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायलाही मुभा आहे. कंपनी अशा पदवीला बढतीत धरते का हे मनुष्यबळ विभागाकडून लेखी विचारून घ्या. तोंडी ‘हो हो’वर विसंबू नका. आणि रोज तीन तास लोकलमध्ये जात असतील तर अभ्यास कधी होणार याचा विचार आधी करा. बसायला जागा मिळणारे कर्जत-कसाऱ्याचे प्रवासी गाडीत अभ्यास करून पास झालेले आहेत. अंधेरीला चढून दादरला उतरणाऱ्याला ते शक्य नाही.

फी भरण्याआधी काय तपासू?

अभ्यासक्रमाची मान्यता संबंधित नियामकाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा: तंत्रशिक्षणाला एआयसीटीई, वैद्यकाला राष्ट्रीय वैद्यक आयोग, दूरशिक्षणाला विद्यापीठ अनुदान आयोगाची यादी. तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या दहा ताज्या जाहिराती काढा आणि किती जाहिरातींत ही पदवी ‘आवश्यक’ आहे, किती ठिकाणी ‘प्राधान्य’ आहे ते वेगळं लिहा. वयाची अट बघा. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी परीक्षेत साधारण मर्यादा ३० आहे, पीएचडी असेल तर ३४. पण सगळीकडे अशी सवलत नसते. फी परत मिळण्याचा नियम वाचा. मग त्याच अभ्यासक्रमातून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना फोन लावा. संस्थेनं दिलेली नावं नकोत, तुम्ही शोधून काढलेली हवीत.